मिआटाचा क्लच घरी बदलताना: किट मागवण्याआधी वाचा

(माझदा मिआटा, मॉडेल वर्ष १९९० ते १९९७, पाच गिअरची गाडी)

मिशिगनमध्ये एप्रिल उजाडतो, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन जातं आणि आमचा फोन वाजू लागतो. हिवाळाभर गराजमध्ये झाकून ठेवलेली मिआटा बाहेर निघालेली असते. पलीकडून आवाज येतो, "क्लच गेला, क्लचच्या सुट्या भागांचं किट पाठवा." किट विकणं हाच आमचा धंदा आहे, तरी आधी आम्ही उलट विचारतो, गेला म्हणजे नेमकं झालं काय?

डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी माणसं पुष्कळ. त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांमध्ये रोज स्क्रीनवर गिअरबॉक्स काढणारे, पण गाडीखाली झोपून एकदाही न काढलेले बरेच जण आहेत. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

घसरतोय की सुटत नाहीये?

क्लचच्या तक्रारी दोन तऱ्हेच्या असतात आणि त्यांची औषधं अगदी वेगळी.

पहिली तऱ्हा घसरण्याची. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० मैलांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. इंजिनाचे फेरे झपकन चढले आणि गाडी मात्र आपल्याच चालीने रेंगाळली, तर क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, संपली आहे, किंवा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधून गळणारं ऑइल तिच्यावर गेलं आहे. दोन्हीत गिअरबॉक्स उतरवणं आलंच.

दुसरी तऱ्हा न सुटण्याची. रिव्हर्स टाकताना खरखर होते, सकाळी पहिला गिअर पडत नाही, पेडल दाबलं की तळाला जाऊन बसतं. इथे प्लेट बहुतेक वेळा ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो स्लेव्ह सिलिंडर, आणि या गाडीचं हे जुनं दुखणं आहे. पेडल दाबल्यावर पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ब्रेकचंच तेल पुढे ढकलतो, ते नळीतून स्लेव्हमध्ये येतं, स्लेव्हची दांडी फोर्क नावाची तरफ ढकलते आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटवर दाबतो. प्रेशर प्लेट म्हणजे क्लच प्लेटला आवळून धरणारं झाकण; ते दाबलं की प्लेट सुटते. स्लेव्ह बसलाय गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, खाली, ऊन-पाणी-मीठ खात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, आतली भिंत खराब होते, रबरी सील झिजतं आणि तेल पाझरू लागतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी उचलून स्टँडवर ठेवा, खाली जा आणि स्लेव्हच्या टोकावरची रबरी टोपी जराशी मागे सारा. आतून तेल ओघळलं, की निदान झालं. मग आत येऊन क्लच पेडलच्या वर, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) बोट फिरवा. तिथे ओल लागली तर मास्टरही गेला. एक गेला की दुसरा फार दिवस थांबत नाही, म्हणून दोन्ही एकदमच बदला असं आम्ही सांगतो. यात आमचाही फायदा आहे हे मान्य, पण पुन्हा नळीतली हवा काढत बसण्याचा तुमचा त्रास त्याहून मोठा आहे.

स्लेव्ह दोन बोल्टांवर असतो. नळीचा नट मात्र नेहमीच्या उघड्या पान्याने सोडवू नका, कडा घासल्या जातात. नळीच्या नटांचा खास पाना मिळतो, तोच वापरा. नवा स्लेव्ह लावला की हवा काढायची. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचा निपल उघडून बंद करायचा आणि तो बंद झाल्यावरच पाय उचलायचा. "दाबलं?" "दाबलं!" एवढाच संवाद पंधरा-वीस वेळा होतो. घरातल्यांचं सहकार्य आधीच मिळवून ठेवा. मास्टरच्या डबीतलं तेल संपू देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर

पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण शनिवार-रविवार मोकळा ठेवावा आणि सोमवारी ऑफिसला जायला दुसरी गाडी असावी. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी हे मांडलं असतं, तर दुपारपर्यंत सेक्रेटरी हजर झाला असता. इथे गराज आपलं आहे, त्याचा फायदा घ्या.

गाडी चार जॅक स्टँडवर, सपाट काँक्रीटवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, कारण स्टार्टर सोडवावा लागतो आणि त्याच्या जाड वायरीत कायम करंट असतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टार्टरचा वरचा बोल्ट तुमच्या संयमाची परीक्षा घेईल, एवढीच सूचना.

गिअरबॉक्सचं ऑइल आधी काढा. ते राहिलं तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) ओढताक्षणी गिअरबॉक्सच्या शेपटीतून सगळं अंगावर येतं. शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्याच्या आणि डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. गिअरचा दांडा गाडीच्या आतून निघतो. स्लेव्ह नळीसकट बाजूला टांगून ठेवा आणि पेडलला कोणी हात-पाय लावणार नाही हे बघा, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो.

आता या गाडीचं वेगळेपण. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम आहे आणि गिअरबॉक्सच्या शेपटीला तिच्याशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून फ्रेमचे बोल्ट सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक हवाच. फ्रेम निघाली की शेपूट थोडी खाली सोडता येते आणि वरचे बोल्ट लांब एक्स्टेंशन घालून मागून गाठता येतात. फार खाली मात्र सोडू नका, इंजिनाची मागची बाजू फायरवॉलला टेकेल. गिअरबॉक्स हातांनी झेलता येईल असं वाटतं. अनेकांना वाटलं होतं. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळतो, तो आणा.

आतली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा, मास्क लावा.

इथवर आलात तर फक्त प्लेट बदलून परत लावणं म्हणजे निम्मं काम पाण्यात. आमच्या किटमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आणि प्लेट मध्यात धरणारी प्लास्टिकची दांडी असते. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरची जड चकती, काढून मशीन शॉपमधून घासून आणा. पायलट बेअरिंग फ्लायव्हीलमध्येच बसलेलं असल्याने तेही तेव्हाच ठोकून निघतं. मागे क्रँकचं सील ओलं दिसलं तर तेही आत्ताच बदला, नाहीतर सहा महिन्यांनी हेच सगळं पुन्हा उतरवाल.

जोडताना प्लेटची उलटसुलट बाजू पाहा. मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसवलेली प्लेट परत आणून "माल खराब आहे" म्हणणारे दर वर्षी भेटतात. फ्लायव्हीलचे बोल्ट ९६ ते १०३ न्यूटन-मीटर आणि त्यांच्या आट्यांना सीलंट, कारण भोकं आरपार आहेत आणि तिथून ऑइल येतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट १८ ते २६, समोरासमोरचे, थोडे थोडे करून. टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा) नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा, अंदाजाने करू नका. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या, म्हणजे प्लेट ज्यावर बसते त्याच्या, खाचांना ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त लावलंत तर ते उडून प्लेटवर जाईल. शेवटी गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ ऑइल, दोन लिटर.

पहिले ५०० मैल गाडी शहरात, सांभाळून चालवा. नवी प्लेट रुळायला वेळ लागतो.

ऑर्डर देताना

१९९३ पर्यंतच्या १.६ लिटर इंजिनावर २०० मिलिमीटरची प्लेट आहे, १९९४ पासूनच्या १.८ वर २१५ ची. पण १.६ वर १.८ चं फ्लायव्हील आणि क्लच बसवणं हा जुना लोकप्रिय उद्योग आहे आणि आधीच्या मालकाने तो केला असेल तर तुम्हाला पत्ता नसतो. म्हणून गाडी उघडल्यावर जुनी प्लेट मोजा आणि नवीशी ताडून बघितल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. माप चुकलं असेल तर न वापरलेलं किट आम्ही बदलून देतो. ग्रीस लागलेलं मात्र बदलून देत नाही.