‘तुम्ही कसं जगणार?’ : कादंबरी कुठली, चित्रपट कुठला

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा अ‍ॅनिमेशनपट ‘द बॉय अँड द हेरॉन’ १४ जुलै २०२३ला जपानमध्ये लागला तो ‘किमिताची वा दो इकिरु का’, म्हणजे ‘तुम्ही कसं जगणार?’, या नावाने. गेन्झाबुरो योशिनोंच्या १९३७च्या कादंबरीचंही हेच नाव. त्यामुळे चित्रपट कादंबरीवर बेतलाय असा समज होतो. तसं नाही. नाव उसनं घेतलंय, गोष्ट मियाझाकींची स्वतःची आहे.

कादंबरीत जादू नाही. टोकियोत शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या कोपेरुचे वडील वारलेत आणि मामा त्याच्यासाठी वहीत विचार लिहून ठेवतो. एकदा बर्फात मोठी मुलं त्याच्या मित्रांना मारतात. पाठीशी उभं राहायचं वचन दिलेला कोपेरु हातातला बर्फाचा गोळा हळूच टाकून देतो आणि जागचा हलत नाही. पुढे तो पत्र लिहून माफी मागतो.

चित्रपटातल्या माहितोची आई युद्धकाळात इस्पितळाच्या आगीत जाते. हाताने काढलेल्या त्या दृश्यात रेषा थरथरतात, माणसं धुरात वितळल्यासारखी दिसतात. मग वडील मावशीशीच लग्न करतात. शाळेत मारामारी होते आणि घरी परतताना माहितो दगड उचलून स्वतःच्याच डोक्यात घालून घेतो. रक्ताची धार लागते, आणि घरी सांगतो, पडलो. मला हे दृश्य सहन होत नाही, कारण आई गेल्याचं दुःख तो कुणाला सांगूच शकत नाही. पुढे त्याला योशिनोंची तीच कादंबरी सापडते, आईने आत ‘मोठ्या झालेल्या माहितोसाठी’ असं लिहून ठेवलेली. वाचता वाचता तो रडतो. कादंबरीचा चित्रपटाशी थेट संबंध एवढाच.

प्रदर्शनाआधी जपानमध्ये ना ट्रेलर होता ना जाहिरात; होतं फक्त बगळ्याचं एक पोस्टर. काही प्रेक्षक भारावले, काहींना काहीच उलगडलं नाही. २०२४मध्ये ऑस्कर मिळालं तरी ही दुफळी मिटली नाही. पण ज्यांना मामाच्या वहीसारखी समजूत हवी होती, त्यांना ती इथे मिळणार नव्हती. चित्रपटात पुढे एका मनोऱ्यातल्या जादुई जगाचा कर्ता असलेला म्हातारा नातलग माहितोला ते जग सांभाळायला सांगतो, तेव्हा पोरगा डोक्यावरची खूण दाखवतो. हा माझा दुष्टपणा, म्हणतो, आणि नकार देतो. कोपेरुच्या पत्राशी याचं नातं आहे, म्हणून आधी चित्रपट पाहा आणि मग कादंबरीतलं ते बर्फाचं प्रकरण वाचा.