पेस्तुम: मंदिरं जुनी, शेती कालची

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला सालेर्नो हे बंदर आहे. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण चाळीस किलोमीटर खाली गेलं की सेले नदी ओलांडून गाडी पेस्तुमच्या छोट्या स्टेशनवर थांबते. स्टेशनासमोरचा रस्ता सरळ एका दगडी वेशीतून जुन्या तटाच्या आत जातो. तटाचा घेर जवळजवळ पाच किलोमीटर. आत तीन ग्रीक मंदिरं उभी आहेत, आणि तीही अथेन्समधल्या कित्येक मंदिरांपेक्षा धडधाकट. तटाबाहेर पॉलिहाउसच्या रांगा, म्हशींचे गोठे, आर्टिचोक या भाजीची शेतं. पश्चिमेला पाइनच्या झाडांचा पट्टा पार केला की दीड-दोन किलोमीटरवर समुद्र.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असणार आणि देवळं त्या शेतांत कशीबशी टिकली असणार. इतिहास मात्र उलट सांगतो. या मैदानावर आज दिसणारी शेती आणि वस्ती शंभरेक वर्षांची आहे. त्याआधी हजारएक वर्षं इथे सूर्य मावळल्यावर थांबायची कुणाची तयारी नसे.

सुरुवात ग्रीकांपासून. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास सिबारिस या दक्षिण इटलीतल्या श्रीमंत ग्रीक वसाहतीतल्या लोकांनी इथे नवं नगर वसवलं आणि समुद्रदेवाच्या नावावरून त्याला पोसेडोनिया म्हटलं. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा तटाच्या बराच जवळ होता. नाण्यावर त्रिशूळ उगारलेला पोसायडन असला, तरी नगराचं पोट चालायचं ते मागच्या मैदानावर. सेलेपासून डोंगरापर्यंतच्या त्या सुपीक जमिनीचा पैसा मंदिरांत ओतलेला दिसतो. सर्वांत जुनं मंदिर इसवी सनपूर्व ५५०च्या आसपासचं, हेरा देवीचं. त्याला समोर नऊ खांब आहेत. विषम संख्येमुळे एक खांब नेमका मध्यावर येतो आणि दारातून आत पाहणाऱ्याच्या नजरेला आडवा उभा राहतो. अठराव्या शतकातल्या विद्वानांना हे मंदिर वाटेचना, म्हणून त्यांनी त्याचं नाव ‘बॅसिलिका’, म्हणजे रोमन सभागृह, असं ठेवलं. ते नाव चुकीचं असूनही अजून चिकटून आहे. दुसरं अथेनाचं, इसवी सनपूर्व ५००च्या सुमाराचं. तिसरं इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्याचं, सगळ्यांत भव्य. त्यालाही सवयीने ‘नेपच्यूनचं’, म्हणजे रोमनांच्या समुद्रदेवाचं, मंदिर म्हणतात.

खांबांजवळ जाऊन दगड जरूर पाहावा. हा संगमरवर नाही. चुनखडीयुक्त पाण्याच्या साक्यातून तयार झालेला हा स्थानिक दगड, मधाच्या रंगाचा आणि जागोजाग भोकं पडलेला. काही ठिकाणी बोट घालून चाचपावं अशा बारीक नळ्या दिसतात. पाण्यात उभ्या असलेल्या झाडाझुडपांवर चुन्याचं किटण चढत गेलं, आतलं झाड कुजून गेलं आणि पोकळी उरली, असा त्यांचा जन्म. ज्या पाण्याने नगराला बांधायला दगड दिला, त्याच पाण्याने पुढे नगराची वाट लावली.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस लुकानी या डोंगरी लोकांनी पोसेडोनिया घेतलं. ग्रीक वर्षातून एकदा जमून आपली जुनी भाषा आणि चालीरीती आठवून रडत, अशी एक गोष्ट प्राचीन लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. ती खरी असो वा रचलेली, लुकानींनी शहर मोडलं नाही हे उघड आहे. त्यांच्या थडग्यांतली रंगीत चित्रं आज तिथल्या संग्रहालयाचं मोठं धन आहे. इसवी सनपूर्व २७३मध्ये रोमनांनी आपली वसाहत केली आणि नाव पेस्तुम झालं. या नगरातल्या वर्षातून दोनदा फुलणाऱ्या गुलाबांचा उल्लेख रोमन कवितेत येतो. म्हणजे तोवर माळीकाम जोरात होतं.

पण त्याच काळात स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो, की शेजारची नदी दलदलीत पसरते आणि त्यामुळे या नगराची हवा रोगट आहे. पेस्तुमच्या ऱ्हासाची खरी बखर या एका वाक्यात आहे. नदीच्या मुखाशी वाळू साठत गेली, पाणी वाहून जाईना, चुन्याचा साका पात्रं आणि पाट बुजवत गेला आणि दक्षिणेच्या बाजूने ओल चढू लागली. लोक सरकत सरकत नगराच्या त्यातल्या त्यात उंच भागात, अथेनाच्या मंदिराभोवती गोळा झाले. त्या मंदिराचं चर्च झालं आणि आत ख्रिस्ती माणसं पुरली गेली. मग नवव्या शतकात समुद्रावरून सरासेनांच्या, म्हणजे मुस्लिम हल्लेखोरांच्या, धाडी आल्या. उरलेसुरले लोक बिशपासकट मागच्या डोंगरावर गेले आणि तिथे कापाच्चो वसलं. पडलेले दगड आणि खांब सालेर्नोच्या कॅथेड्रलसाठी नेले असं सांगतात. मंदिरांना मात्र कुणी फारसा हात लावला नाही. दलदलीत राबून एवढे दगड उपसणार कोण?

डोंगरावरच्या लोकांचंही सगळं सुरळीत चाललं असं नाही. १२४६मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याविरुद्ध कट करणारे सरदार कापाच्चोच्या किल्ल्यात अडकले. सम्राटाने किल्ला घेतला आणि गाव उद्ध्वस्त केलं. आजचं डोंगरावरचं कापाच्चो त्यानंतर थोडं खाली वसलेलं. जुन्या जागी एक देऊळ तेवढं राहिलं, हातात डाळिंब धरलेल्या मारियाचं, म्हणजे येशूच्या आईचं. खाली मैदानात हेराच्या मूर्तींच्या हातातही डाळिंब सापडलं आहे, त्यामुळे दोन देवींना एका धाग्यात ओवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मधल्या शतकांचा पुरावा तुटक आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मैदानावर मग राहिले फक्त गुराखी, शिकारी आणि म्हशी. अठराव्या शतकात नेपल्सच्या राजाने सेलेकाठी पेर्सानोला शिकारीसाठी वाडा बांधला, म्हणजे जमीन कशाच्या लायकीची मानली जात होती ते कळतं. त्याच शतकाच्या मध्यावर युरोपातल्या अभ्यासकांना या मंदिरांचा ‘शोध’ लागला. स्थानिकांच्या दृष्टीने ती कधी हरवलीच नव्हती! पिरानेसी या इटालियन चित्रकाराने त्यांची कोरीव चित्रं केली. १७८७च्या मार्चमध्ये जर्मन कवी गटे इथे आला. त्याला वाटेत डबक्यांतून डोकं वर काढणाऱ्या, लाल डोळ्यांच्या म्हशी पाणघोड्यांसारख्या वाटल्या. मंदिरांचे आखूड, जाडजूड आणि दाटीने उभे खांब पाहून आधी तो बिचकला, तासाभरात त्याचं मन वळलं. असे पाहुणे सकाळी येत आणि दिवस कलायच्या आत निघून जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैदानातून नवा हमरस्ता काढला, तेव्हा तो रोमन रंगमंडलाच्या छातीवरून गेला. अर्धं रंगमंडल आजही रस्त्याखाली आहे.

खरी कलाटणी मिळाली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि ती राजाने किंवा पुरातत्त्वज्ञाने दिलेली नव्हती. सिकंदराबादला १८९७मध्ये रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी बत्तिस्ता ग्रास्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणसाला हिवताप देणारा डास अ‍ॅनोफिलिस जातीचा. पण प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला हे पटवायचं कसं? लोक अजून ‘वाईट हवे’लाच दोष देत होते. ग्रास्सीने त्यासाठी इटलीतली एक बदनाम जागा निवडली, हेच कापाच्चोचं मैदान. १९०० सालच्या उन्हाळ्यात इथल्या लोहमार्गावर काम करणारे आणि त्यांचे कुटुंबीय अशा ११२ जणांच्या घरांना जाळ्या बसवल्या. अंधार पडण्याआधी आत जायचं, उजाडेपर्यंत बाहेर यायचं नाही, असा नियम. हवा तीच, पाणी तेच. हंगाम संपला तेव्हा या ११२ पैकी पाच जणांना हिवताप झाला होता. आसपासच्या जाळी नसलेल्या ४१५ जणांपैकी जवळजवळ सगळ्यांना झाला.

माझ्या मते पेस्तुमच्या इतिहासात हे वर्ष मंदिरं बांधली गेली त्या वर्षांच्या तोडीचं आहे. खिडकीला लावलेली तारेची जाळी पाहायला कुणी तिकीट काढत नाही, म्हणून ही गोष्ट सहसा दोन वाक्यांत उरकली जाते. पण डास हाच शत्रू हे ठरल्यावर पाण्याचा निचरा हा सरकारी कामाचा विषय झाला. १९२०-३०च्या दशकांत मैदानभर चर खणले गेले, पंपांनी सखल भागातलं पाणी उपसून समुद्रात सोडलं गेलं. पेर्सानोला सेलेवर बंधारा घालून कालव्यांनी दोन्ही तीरांना पाणी दिलं गेलं. हे मुसोलिनीच्या राजवटीचं आवडतं प्रचारकार्य होतं आणि श्रेय घेण्यात तिने कसूर केली नाही. तरीही चर खरेच होते आणि जमीन खरीच सुकली. बहुतेक जमीन मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात होती, ती लहान शेतकऱ्यांना मिळाली १९५०च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर. डीडीटीच्या फवारणीने त्याच सुमारास हिवतापही हटला.

निचऱ्याच्या त्याच वर्षांत, १९३४मध्ये, उंबेर्तो झानोत्ती बियांको आणि पाओला झांकानी मोंतुओरो या दोघांनी सेलेच्या मुखाजवळ हेराचं स्थान शोधून काढलं. स्ट्रॅबोने पेस्तुमपासून पन्नास स्टेडियावर, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरवर, ग्रीक पुराणातल्या जेसन या वीराने स्थापलेलं हेराचं देऊळ असल्याचं लिहिलं होतं. इतरांनी ते व्यर्थ शोधलं होतं. या दोघांना काटेरी झुडपांत आणि चिखलात कोरीव शिल्पपट्टांचा खजिनाच सापडला. झानोत्ती बियांको फॅसिझमचा विरोधक होता आणि त्याच्यावर पोलिसांची नजर असे, हेही सांगायला हवं.

मग युद्ध आलं. ९ सप्टेंबर १९४३ला पहाटे अमेरिकेची ३६वी डिव्हिजन याच पेस्तुमच्या वाळूवर उतरली. आज जिथे छत्र्या लावून लोक उन्हात पडतात, तिथे त्या सकाळी जर्मन तोफा आणि रणगाडे होते. मंदिरं वाचली. त्याच वर्षअखेर दोस्तांच्या सैन्याने तटाच्या उत्तरेला विमानांची धावपट्टी करायला जमीन उकरली, तर खाली ग्रीकांच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीच्या थडग्यांचा मळा लागला. तिथल्या संस्कृतीला आता त्या जागेच्या नावाने ‘गाउदो’ म्हणतात.

आता म्हशी. भारतीय उपखंडात माणसाळलेल्या म्हशीच्याच कुळातली ही भूमध्य समुद्राकाठची जात. इटलीत ती अरबांनी आणली की लाँगोबार्ड या जर्मन टोळ्यांनी, यावर अजून एकमत नाही. इथे ती टिकली याचं कारण साधं: गाईचे पाय चिखलात कुजतात, म्हशीला चिखलच हवा असतो. दलदलीच्या काळात म्हशीवाले मध्यभागी चूल असलेल्या गोल दगडी झोपड्यांत चीज करत. दूध लांब नेण्याची सोय नव्हती, म्हणून जागच्या जागी मोझारेला. आजही कारखान्यात मुख्य काम तेच आहे. दही जमतं, ते कापून उकळत्या पाण्यात टाकतात, काठीने ढवळून ओढतात आणि ते रबरासारखं लांबू लागलं की कारागीर अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमटून एकेक गोळा तोडून थंड पाण्यात सोडतो. गोळा चमकदार, आतून सुटणारा, कापल्यावर दूध गळणारा. १९९६मध्ये या मोझारेलाला युरोपीय संघाचं संरक्षित नाव मिळालं. आणि गंमत अशी, की दलदल संपल्यावर म्हशींचा धंदा बुडण्याऐवजी वाढला. आता त्या सिमेंटच्या गोठ्यांत राहतात, त्यांच्यासाठी फवारे आणि हौद करावे लागतात. गोठ्यांतल्या कामकऱ्यांत पंजाबातून आलेले लोकही भेटतात.

आर्टिचोकही निचरा झालेल्या याच जमिनीचं पीक. इथला वाण गोल आणि बिनकाट्याचा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो बाजारात असतो, त्याला २००४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे जायचं तर वसंत ऋतूत जावं: शेतांत पीक असतं, समुद्र रिकामा असतो आणि मंदिरांत दुपारची तगमग नसते. १९६८मध्ये सापडलेलं ‘सूर मारणाऱ्याचं थडगं’ संग्रहालयात आहे. त्याच्या झाकणावर आतल्या बाजूला पाण्यात झेपावणारा तरुण रंगवला आहे. ते घाईत पाहू नये.

राहायचं कुठे, याचं उत्तरही इतिहासातून येतं. मंदिरांच्या भोवताली मोठं हॉटेल दिसत नाही, कारण १९५७च्या २२० क्रमांकाच्या कायद्याने तटापासून एक किलोमीटरच्या आत नवं बांधकाम बंद केलं. तो पुढे रेटणाऱ्यांत तोवर सिनेटर झालेला झानोत्ती बियांको होता. नियम मोडून बांधलेली घरं तरीही आहेत, पण मंदिरांना लागून अजून शेतं दिसतात ती या कायद्यामुळे. हॉटेलं आणि विश्रामगृहं समुद्राच्या बाजूला, दुकानं आणि बँका स्टेशनांच्या आसपास मैदानात, आणि जुनं कापाच्चो डोंगरावर, समुद्रसपाटीपासून चारशेहून जास्त मीटर उंच. म्हणून या गावाला एक मध्य नाही. बसची वाट पाहण्यात दिवस घालवायचा नसेल, तर भाड्याची सायकल बरी. मैदान अगदी सपाट आहे आणि निचऱ्याच्या चरांच्या कडेने रस्ते सरळ जातात.