तांबेऱ्याला अडवणारी खपली

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे खपली गहू म्हटला की खीर आठवते. हा गहू कांडल्याशिवाय टरफल सोडत नाही. तांबेरा या गव्हाच्या बुरशीजन्य रोगाच्या जगभरच्या संशोधनात याच गव्हाचे नाव शंभर वर्षांपासून आहे. आपल्याकडे ते फारसे कुणी सांगत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या नियमानुसार पुढच्या पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवले. मग एकदा चांगले वाण मिळाले की काम संपले, असे वाटणे स्वाभाविक होते. पण अमेरिकेत मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमन यांना आढळले की काळा तांबेरा म्हणजे एकच बुरशी नव्हे, तिच्या अनेक जाती आहेत. त्या ओळखण्यासाठी स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा संच ठरवला. कोणत्या गव्हावर तांबेरा येतो आणि कोणत्यावर नाही, यावरून बुरशीची जात कळे. त्या बारांत एक होता 'खपली', आणि त्याचे नाव तिथेही तेच राहिले. बहुतेक जाती त्याच्यावर हरत.

हरत म्हणजे काय होई? तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच पोसते. रोगाला न जुमानणाऱ्या गव्हात ती शिरली की तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि बुरशीची उपासमार होते. पुढे १९४०च्या दशकात हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना दाखवले की पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतले एकेक जनुक जोडीला असते. बुरशीचे ते जनुक बदलले की पिकाला शत्रूची ओळखच पटत नाही.

ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर साध्या गव्हाशी केला. हे सोपे नव्हते, कारण खपलीत २८ गुणसूत्रे, तर पोळीच्या गव्हात ४२. त्यातून आलेल्या 'खपस्टीन' गव्हात एसआर१३ हे काळ्या तांबेऱ्याला रोखणारे जनुक सापडले. ते नेमके कोणते, हे २०१७ मध्ये उलगडले: पेशीत शिरलेल्या बुरशीची चाहूल घेणारे पहारेकरी प्रथिन ते बनवते.

तोवर पहाऱ्याची गरज वाढली होती. राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर३१ जगभरच्या वाणांत पसरले होते. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या यूजी९९ जातीने ते मोडले. एसआर१३ मात्र तिच्यापुढे टिकते. तरी इथिओपियात त्यालाही चकवणाऱ्या जाती सापडल्या आहेत. म्हणून एकाच वाणात अनेक जनुके एकत्र आणण्याचा प्रयत्न चालतो. त्यांत एसआर२ हे मोलाचे. साउथ डकोटात मॅकफॅडन यांनी ते यारोस्लाव्ह या एमर गव्हातून, म्हणजे खपलीच्याच भाऊबंदातून आणले. ते तांबेरा पूर्ण थांबवत नाही, त्याची वाढ मंदावते. एवढ्यावरच ते कित्येक दशके टिकून आहे.