जागा आधी कोण धरतं?

थंडीच्या दिवसांत दही लावणं ही एक परीक्षाच असते. दूध कोमट हवं, करंगळी बुडवली तर सोसेल इतकंच. त्यात चमचाभर विरजण, चार वेळा वरखाली, झाकण, आणि मग भांडं जुन्या शालीत गुंडाळून कोपऱ्यात. जमलं तर सकाळी सुरीने कापता येईल असं दही मिळतं. तेच दूध विरजण न लावता रात्रभर बाहेर राहिलं तर नासतं, घाण वास मारतं. दूध तेच, भांडं तेच, ओट्यावरची हवाही तीच. फरक एवढाच, की पहिल्या भांड्यात कामाचे जिवाणू मोठ्या संख्येने आधी उतरले. त्यांनी दुधातली साखर खाल्ली, आंबटपणा वाढवला आणि मागून येणाऱ्यांना पाय टेकायला जागा ठेवली नाही.

आपल्या आतड्यात जन्मभर हेच चालतं. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. एवढ्या गर्दीचं वजन मात्र जेमतेम पाव किलो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी यांनी आतड्याच्या अस्तरावरची जागा धरलेली असते. दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून रोगजंतू आपल्या पोटात रोजच जातात. त्यांतल्या बहुतेकांना बसायला जागा मिळत नाही आणि खायलाही काही उरलेलं नसतं, म्हणून ते निघून जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे पहारे किती कडक असतात ते १९५४ मध्ये अमेरिकेत उंदरांवर केलेल्या एका प्रयोगातून दिसलं. मार्जरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांना धडधाकट उंदरांमध्ये साल्मोनेला या आतड्याच्या रोगजंतूचा संसर्ग घडवायला तोंडावाटे सुमारे १ लाख जंतू द्यावे लागत होते. मग त्यांनी उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एक डोस दिला. आता दहाहून कमी जंतूसुद्धा पुरले. उंदीर तेच होते, त्यांची प्रतिकारशक्तीही तीच होती. फक्त आतड्यातले जुने रहिवासी औषधाने उठवले होते.

प्रश्न असा, की जागा रिकामी असेल तेव्हा आपण हवा तो जिवाणू तिथे नेऊन बसवू शकतो का? सगळ्यात रिकामं आतडं असतं नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं. पहिल्या काही दिवसांत तिथे कोण पोहोचतं यावर पुष्कळ काही ठरतं. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचवताच येत नाहीत. त्या बाळासाठी नसतातच, त्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंचं खाणं असतात. आई एका अर्थाने बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या रहिवाशांनाही पाजत असते. ही गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी नवीच वाटते.

ओडिशातल्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच क्षण पकडला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून होणारा सेप्सिस हे नवजात बाळांच्या मृत्यूचं एक मोठं कारण. गडचिरोलीतलं अभय आणि राणी बंग यांचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना हा शत्रू नवा नाही. बाळ अंगावर ओढायचं थांबतं, रडणं क्षीण होतं, अंग गार पडतं, आणि दवाखाना दूर असतो. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना ही लक्षणं ओळखायला आणि घरी जाऊन इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. पाणिग्रहींचा प्रश्न त्याच्या एक पाऊल आधीचा होता. सेप्सिस होऊच नये यासाठी काही करता येईल का?

त्यांनी आधी बरीच वर्षं फक्त योग्य जिवाणू शोधण्यात घालवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नावाजलेला एखादा जिवाणू उचलून पाजला असं त्यांनी केलं नाही. शेकडो वाण तपासले आणि त्यांतून लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण निवडला. तो बाळाच्या आतड्याला चिकटून राहत होता आणि थोडे दिवस देऊन बंद केल्यावरही बऱ्याच बाळांमध्ये काही महिने टिकत होता. मग १४९ गावांतली ४,५५६ बाळं निवडली. सगळी किमान दोन किलो वजनाची, फार लवकर न जन्मलेली आणि आईच्या दुधावर असलेली. निम्म्या बाळांना जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसापासून आठवडाभर हा जिवाणू दिला, रोज सुमारे १०० कोटी, आणि सोबत त्याची शिदोरी म्हणून एक विशिष्ट शर्करा. उरलेल्या निम्म्या बाळांना दिसायला तशीच, पण बिनऔषधी पावडर. पुढे साठ दिवस प्रत्येक बाळावर लक्ष ठेवलं.

२०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निकाल आला. ज्यांना जिवाणू मिळाला नाही त्यांच्यात १०० पैकी ९ बाळांना सेप्सिस झाला किंवा ती दगावली. ज्यांना मिळाला त्यांच्यात हेच प्रमाण ५.४. म्हणजे ४० टक्क्यांची घट. मृत्यू दोन्ही गटांत मोजकेच होते, हेही सांगायला हवं. घट झाली ती मुख्यतः आजारपणात. फायदा इतका स्पष्ट दिसत होता, की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. सात दिवसांच्या या उपायाचा खर्च एका डॉलरच्या आसपास.

आणखी एक गोष्ट झाली. बाळांमधले फुप्फुसाचे संसर्गही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पोटात दिलेला जिवाणू छातीत कसा पोहोचला? तो पोहोचला नाहीच. आतड्याच्या भिंतीलगत शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा ताफा असतो आणि आतड्यातल्या जिवाणूंशी रोजच्या झटापटीत त्या पेशी तालीम घेतात. भिंत घट्ट राहिली तर जंतूही रक्तात कमी झिरपतात. आतड्यातल्या तालमीचा उपयोग छातीत व्हावा, हे त्या मानाने समजण्यासारखं आहे.

आता दुसरं टोक. म्हातारा रुग्ण, इस्पितळात बरेच दिवस, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स. जुने रहिवासी उठले आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जंतूने आतडं व्यापलं. दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब होतात, औषधाने थांबतात आणि औषध बंद केलं की परत सुरू होतात. याचं इंगित पित्तात आहे. यकृतातून येणाऱ्या ताज्या पित्ताम्लांचा स्पर्श झाला, की या जंतूचे झोपलेले बीजाणू जागे होतात. निरोगी आतड्यातले काही जिवाणू त्याच पित्ताम्लांचं रूप पालटतात, आणि हे पालटलेलं रूप या जंतूला वाढू देत नाही. अँटिबायोटिकने ते जिवाणू मेले, की कुलूपही गेलं आणि राखणदारही.

यावर उपाय म्हणून निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडतात. वाचताना तोंड वाकडं होईल, पण १९५८ मध्येच अमेरिकेतले शल्यविशारद बेन आयझमन यांनी अँटिबायोटिकनंतर आतड्याला गंभीर सूज आलेल्या चार रुग्णांवर हे यशस्वी करून दाखवलं होतं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. नाकातून नळी घालून द्रावण सोडलं, आणि १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या १३ जणांपैकी बरे झाले फक्त ४. आज अमेरिकेत याच तत्त्वावरच्या कॅप्सूललाही मान्यता आहे. मात्र २०१९ मध्ये तिथेच एका दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जंतू दोन रुग्णांना लागला आणि त्यांतला एक दगावला. तेव्हापासून दात्यांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या आहेत.

ही दोन्ही उदाहरणं वाचून औषधाच्या दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक कुपी आणून पाजावी असं वाटत असेल, तर थांबा. ‘प्रोबायोटिक’ म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम पोटात घेतलेले जिवंत जिवाणू, ते एका औषधाचं नाव नाही. बियाण्यात जसा वाण बघतात तसा इथेही बघावा लागतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी हा वाण जगभर खपतो. अमेरिकेत जुलाब-उलट्या होणाऱ्या ९७१ लहान मुलांवर तो तपासला, तर २०१८ च्या निकालात काहीच फायदा दिसला नाही. कॅनडात वेगळ्या वाणांची जोडी तपासली, तिथेही तेच. त्या मुलांना वाचवते ती जलसंजीवनी आणि जोडीला झिंक. कुपी आणायला धावताना घरातला मीठ-साखरेचा चमचा विसरला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अँटिबायोटिकबरोबर द्यावं का? मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर औषधामुळे होणारे जुलाब १९ टक्क्यांवरून ८ वर आले. हा फायदा खरा आहे. पण इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने मोजक्या स्वयंसेवकांमध्ये पाहिलं, तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे रहिवासी परतायलाच उशीर झाला. काही न घेणाऱ्यांचं आतडं त्यांच्याआधी सावरलं. रुमाल टाकणारा आपला असला तरी त्याने जागा अडवलीच.

आणि काही रुग्णांना यातून इजाही होते. नेदरलँड्समध्येच स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना संसर्ग टळावा म्हणून प्रोबायोटिक दिलं होतं. १५२ पैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. अतिदक्षता विभागातला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, अगदी अपुऱ्या दिवसांचं बाळ, यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असलं काही देऊ नये.

मग घरचं दही? त्यातले जिवाणू बहुतेक करून पाहुणे असतात, आतड्यात मुक्काम ठोकत नाहीत. प्रत्येक घरचं विरजणही वेगळं, त्यामुळे ते औषध म्हणून मोजता येत नाही. पण अन्न म्हणून उत्तम आहे, आणि तोंडाला चव नसताना जिऱ्याचं ताक घशाखाली उतरतं हा गुण काही लहान नाही. फक्त सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी आणि ताक यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दुधातलं कॅल्शियम या औषधांना धरून ठेवतं आणि गोळी अंगाला लागत नाही.