फॉर्म बी अडतो तो जिन्याच्या दारापाशी

पंप चालू, आग विझवायचे सिलिंडर भरलेले, होजरीलला (भिंतीवरच्या गुंडाळलेल्या नळीला) पाणी. तरी सोसायटीचा फॉर्म बी, म्हणजे आगीच्या यंत्रणेच्या देखभालीचा दाखला, लटकतो, आणि कारण विचारलं की उत्तर येतं, ‘फायर डोअरचे, म्हणजे जिन्याच्या आग रोखणाऱ्या दाराचे, कागद कुठे आहेत?’

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जबाबदारी इमारतीच्या मालकाची, आणि मालक सापडत नसेल तर राहणाऱ्यांची. त्यामुळे ‘बिल्डर बघेल’ म्हणून हात झटकता येत नाहीत. फॉर्म ए यंत्रणा बसवल्यावरचा. फॉर्म बी देखभालीचा, दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यायचा. जानेवारीत दिला की वर्ष सुटलं असं समजणारे सचिव मला दरवर्षी भेटतात. सही परवानाधारक एजन्सीचीच लागते; सिलिंडर भरून देणाऱ्याकडे तो परवाना असेलच असं नाही. परवान्याची मुदत आधी पाहा.

अर्ज, मंजूर नकाशा, फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला), भोगवटा प्रमाणपत्र, मागचा फॉर्म: हे कपाटात सापडतं. सापडत नाही तो दाराचा टेस्ट रिपोर्ट. बिल्डरने दिलेला नसतो, कमिटीने मागितलेला नसतो, आणि वीस वर्षांनी तो मागणाऱ्या अग्निशमन दलाच्या साहेबांनाही हे पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी दाराची बिजागरीकडची कड तपासा. तिथे उत्पादकाची छोटी पट्टी असते. रंगाऱ्याने तिच्यावरही ब्रश फिरवलेला असतो, तेव्हा हलक्या हाताने खरवडा. नाव आणि क्रमांक मिळाला की उत्पादकाकडे लेखी रिपोर्ट मागा. पट्टीच नसेल तर वाद घालू नका, नव्या दाराचं कोटेशन घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ जिन्याच्या दाराने आगीत १२० मिनिटं तग धरावा असं मागते; दुकानदार ६० मिनिटांचं स्वस्तात गळ्यात मारतो.

रिपोर्ट चौकट, पल्ला, काच, बिजागऱ्या, क्लोजर (दार आपोआप बंद करणारा भाग) या सगळ्या जोडणीचा असतो. फुटलेल्या काचेजागी साधी काच बसवली की तो कागद निरुपयोगी. आग रोखणाऱ्या खिडक्यांचंही तेच: नुसतं काचेचं बिल चालत नाही, फ्रेमसकट चाचणी लागते.

दार उघडं राहावं म्हणून लावलेली वीट तपासणीच्या सकाळी सगळेच हलवतात. पण तेल गळलेल्या क्लोजरमुळे दार अर्ध्यातच थांबतं, आणि ते त्या सकाळी दुरुस्त होत नाही. महिनाभर आधी बदला, तोही दाराच्या उत्पादकाला विचारूनच.