ढवळावे, पण किती?

सांडपाण्याचा गाळ हवाबंद टाकीत कुजवून मिथेन मिळवण्याचे श्रेय आपण सूक्ष्मजीवांना देतो आणि ते रास्तच आहे. पण त्या सूक्ष्मजीवांपर्यंत अन्न पोहोचते की नाही, हे टाकीतला प्रवाह ठरवतो. साधारण 35 ते 37 अंश सेल्सिअस तापमानाला चालणाऱ्या टाकीत गाळ 15 ते 30 दिवस राहावा, अशी अपेक्षा असते. टाकीच्या आकारमानाला रोज येणाऱ्या गाळाने भागले की हा कालावधी निघतो. गोम अशी, की या भागाकारात सगळी टाकी कामात आहे असे गृहीत धरलेले असते.

ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी आत जाणाऱ्या गाळात लिथियमच्या क्षाराची ठरावीक मात्रा एकदाच मिसळतात आणि बाहेर पडणाऱ्या गाळातले लिथियम कित्येक दिवस मोजत राहतात. गाळ सर्वत्र नीट मिसळत असेल, तर हे प्रमाण हळूहळू, ठरलेल्या वक्राने उतरते. सुरुवातीलाच त्याने भलतीच उसळी घेतली, तर काही गाळ न पचताच जवळच्या वाटेने निसटला असे समजावे. ते अपेक्षेपेक्षा भरभर उतरले, तर टाकीचा काही भाग निपचित पडून आहे.

याचे मूळ गाळाच्या स्वभावात आहे. नळी दाबल्याशिवाय दंतमंजनाची पेस्ट जशी बाहेर येत नाही, तसा दाट गाळही पुरेसा जोर लागेपर्यंत हलत नाही आणि एकदा हलला की पातळ होतो. त्यामुळे ढवळणाऱ्या पात्यांभोवती तो गरगर फिरतो आणि काही अंतरावर मात्र थिजलेला असतो. वरून पाहणाऱ्याला हालचाल दिसते, एवढ्यावरून टाकी ढवळली जात आहे असे मानणे भाबडेपणाचे आहे.

मग जोरात ढवळावे, तर सूक्ष्मजीवांची भागीदारी मोडते. गाळ कुजताना मधल्या टप्प्यात तयार होणारे प्रोपिऑनिक आम्ल फोडणारे जीवाणू हायड्रोजन सोडतात. तो साचला की त्यांचे काम थांबते, म्हणून तो लगेच संपवणारे मिथेनजनक आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) त्यांना अगदी खेटून हवे असतात. पात्यांच्या माऱ्याने हे पुंजके विस्कटले, तर आम्ल साचू लागते. प्रत्येक घनमीटरला 5 ते 8 वॅट हा ढवळण्याचा जुना संकेत आहे, पण मला केवळ शक्तीचा आकडा अपुरा वाटतो: तीच शक्ती एका पात्यापाशी खर्च होते की टाकीभर पसरते, हे तो सांगत नाही. अनेक ठिकाणी ढवळणे अधूनमधून थांबवूनही वायू तितकाच मिळतो आणि वीज वाचते. फक्त विश्रांती लांबली, की वाळू तळाशी बसते, तंतुमय कचऱ्याची साय वर धरते आणि तिच्याखाली अडकलेला वायू फेस उसळवत बाहेर येतो.