बंदूकवाल्यांचं येणं की देणं?

अमेरिकी सरकारला बंदुका बनवून देणारा कारखानदार एली व्हिटनी, त्याचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच: ‘अमेरिकी सरकारनं बिचाऱ्याचे पैसे दहा वर्षं थकवले.’ दर वेळी कपाळाला हात लावायची पाळी येते.

कंत्राट बहुतेकांना पाठच असतं. 14 जून 1798, 10,000 मस्केट (लांब नळीच्या बंदुका), नग 13.40 डॉलर, एकूण 1,34,000. सगळा माल सप्टेंबर 1800 अखेर. स्प्रिंगफील्डसारखी सरकारी शस्त्रशाळा आणि खासगी कंत्राटदार यांतला फरकही सोपा आहे: तिथे कारागीर सरकारचे, इथे नगावर दर. घोळ होतो तो उचल आणि बिल यांत.

माल तपासनिसानं पास केला की सरकार देणं लागतं, ते बिल. त्याआधीच हातात पडते ती उचल, आणि खतावणीत ती कंत्राटदाराच्या नावे, म्हणजे त्याचं देणं म्हणून, लिहिली जाते. व्हिटनीला सहीबरोबर 5,000 डॉलर मिळाले. ते तयारीत खर्च झाल्याचं दाखवल्यावर आणखी 5,000. त्या वेळी न्यू हेवनजवळ त्याचा कारखानासुद्धा उभा नव्हता, बंदूक तर दूरच. गावातली माणसं त्याला जामीन राहिली होती ती उगाच नाही.

पहिल्या 500 बंदुका पोचल्या 1801 मध्ये. 500 गुणिले 13.40, म्हणजे 6,700 डॉलर त्याच्या खात्यावर जमा. नावे फक्त ते पहिले दोन हप्ते धरा, तरी 3,300 त्याच्याकडेच निघतात. पुढच्या उचली आणखी वेगळ्या. मग कोण कुणाचं लागत होतं? व्हिटनी सरकारचं!

या उचलीला ‘अनुदान’ म्हणणारे तर मला अजिबात चालत नाहीत. अनुदान परत करायचं नसतं. उचल बंदुकांनी फेडायची असते, एकेक खेप पास करून घेत. फ्रान्सशी युद्धाचं सावट होतं, बंदुका हव्या होत्या, आणि कारागिराकडे भांडवल नव्हतं, म्हणून सरकारनं आधी पैसे मोजले. एवढाच मामला.

जानेवारी 1809 मध्ये शेवटची खेप गेली आणि हिशेब मिटला. 1,34,000 पैकी सरकारकडून घ्यायचे उरले होते 2,450 डॉलर, कारण बाकीचे आधीच उचललेले. आठ वर्षांहून जास्त रखडला तो माल.